उधा बंद

शुक्रवार पेठेत, नदीकडं उतरणाऱ्या बोळात,
पंक्चरवाल्याच्या पुढं, दोन पायऱ्या खाली.
खानावळीला नाव नाही.
दारावर अजून जुनीच पाटी: लक्ष्मीप्रसाद मुद्रणालय,
लग्नपत्रिका, हँडबिलं, पावतीपुस्तकं.
मी पहिल्यांदा आलो तो सोसायटीचं पावतीपुस्तक छापायला.
आत रश्श्याचा वास.
"आलासा तर जेवून जावा," म्हणाली शेवंताक्का,
"छपाई बंद हुन सा वर्सं झाली."

टेबलं चार. पाचवं म्हणजे ट्रेडल मशीन,
तिच्या पोटावर फळी टाकलेली.
एकट्या माणसानं तिथं बसायचं, असा नियम.
मी एकटा. गुडघा चाकाला टेकतो,
पँटीला काळं लागतं. कसलं ते विचारत नाही.
शाई इतकी वर्षं ओली राहत नसावी.

भिंतीवर मोठ्या लाकडी अक्षरांत आजचं जेवण:
तांबडा स्सा
अख्खा मसू
कोशिंबी
आणि सगळ्यात खाली, ठळक,
उधा बंद.
"उधा बंद हाय, उधार न्हाई," असं म्हणून
तालमीतली पोरं महिन्याचं खातं चालवतात.
शेवंताक्का ऐकून न ऐकल्यासारखी करते
आणि वहीत लिहिते.

तिचा मसाला खिळ्यांच्या केसमध्ये.
चार दिवस राखेनं घासली म्हणे ती केस,
शिसं पोटात जायला नको म्हणून.
क च्या खणात लवंगा, म च्या खणात मिरी,
त च्या खणात तीळ, तेवढा एकच योगायोग.
ज्ञ च्या खणात नागकेशर.
दोन्ही सारखीच, कधीतरी लागणारी.
न बघता हात जातो तिचा.
नवऱ्याचा जायचा तसा.

नवरा म्हणजे बापू खोत. चाळीस वर्षं खिळे जुळवले,
उलटं वाचायची सवय गेली नाही.
वाढायला समोर उभा राहतो
आणि माझ्या हातातला पेपर पलीकडून वाचून संपवतो,
मी अग्रलेखात असताना सांगतो,
"पुढं काय न्हाई त्यात. भाकरी घ्या."
भाकरी खरंच गरम असते.
पांढरा वाटीत नाही, पेल्यात देतो,
आणि पिऊन होईपर्यंत हलत नाही.

बिल जुन्या पत्रिकेच्या पाठीवर.
बिघडलेल्या प्रती, टाकवल्या नाहीत.
आज माझ्या नव्वद रुपयांमागं
आमचे येथे श्रीकृपेकरून
चि. सौ. कां. कुमुदनी. द ची वेलांटी राहिलेली.
"हे लगीन झालं का हो?"
"न झालं तर!" बापू भडकला.
"रातीत दोनशे पुन्यांदा छापल्या. ही वेलांटी मला आजून टोचतीया."
मग हनुवटीनं पलीकडचं टेबल दाखवलं.
एक पोरगा तिसऱ्यांदा रस्सा मागत होता.
"त्यो बघा. कुमुदिनीचा धाकटा.
त्याच्याकडनं मी बिल घेत न्हाई पूर्ण."

र कुठं गेला, हे विचारायला
मला आठ जेवणं लागली.
महापुरात. पाणी चौथ्या फळीपर्यंत आलेलं,
मशीन हललं नाही, शिसं बुडून बसलं,
लाकडी अक्षरं तेवढी तरंगली.
बापूनं गुडघाभर चिखलातून एकेक वेचलं,
ळ सापडला संडासामागं,
ण शेजारच्यांच्या तुळशीत.
र नाहीच.
"खाली शिरोळकडं गेला आसंल," तो म्हणाला,
"न्हाईतर वाडीला, किष्णेत.
कुनाच्या चुलीत गेला तर चांगलाच.
सागवान हुतं."

सुतार पंक्चरवाल्याच्या वर राहतो.
एक र करून द्यायला त्याला तासही लागणार नाही.
मी तसं म्हणालो.
शेवंताक्कानं केसच्या कुठल्याशा खणातून
चिमूटभर बडीशेप काढून माझ्या तळहातावर ठेवली
आणि बापू आत भांडी विसळायला निघून गेला.

बाहेर आलो. ऊन.
हातावर बडीशेप, खिशात कुमुदनी.
उद्या गुरुवार. पाटीवर काय लावतील
ते मनात जुळवत मी चढ चढलो.